पिंपळपान भिजत घाला



पाऊस उघडला, की आपल्या जिल्ह्यात सगळी कामे एकदम अंगावर येतात. सोयाबीन काढायचे असते, कापसाची पहिली वेचणी आलेली असते, बाजरीची कणसे खुडायची असतात आणि पलीकडे ज्वारीच्या पेरणीची घाई. ज्या घरातून कोयता बाहेर पडतो, तिथे तर मुकादमाच्या निरोपाकडे कान लागलेले असतात. उचल घेऊन झालेली असते, कारखाना ठरलेला असतो, ट्रकचा दिवस तेवढा ठरायचा असतो. अशा दिवसांत लेकरांना घेऊन बसा, हाताने काही करा, असे लिहिले तर तुम्ही म्हणाल, या बाईला काही कामधंदा दिसत नाही.

मीही असेच म्हणाले असते. पण मागल्या हंगामात आमच्या वस्तीतल्या एका घराने मला शहाणे केले, ते आधी सांगते.

नवरा-बायको दोघे उसाला जाणारे. थोरली मुलगी तिसरीत, तिला आजीजवळ ठेवायचे ठरले होते. धाकटा पाच वर्षांचा, तो आईला सोडून राहत नाही म्हणून बरोबर जायचा होता. ट्रक यायला पंधरा-सोळा दिवस उरले असतील. आमच्या विहारामागे पिंपळ आहे. ती मुलगी एका सकाळी पिंपळाची पाने गोळा करून माझ्या दारात आली. "मावशी, ते जाळीचं पान कसं करत्यात?" कुणाच्या तरी पुस्तकात तिने ते पाहिले होते. मी म्हटले, "आज भिजत घातलंस तर महिन्याने हातात येईल." तिने बोटांवर दिवस मोजले आणि गप्प बसली. महिन्याने आई घरी नसणार, हे माझ्या ध्यानात आले ते तिचे तोंड बघून.

मग आम्ही दोन तऱ्हेने पाने केली. एक सावकाश, एक घाईचे. दोन्ही कृती सांगते, कारण आश्विन-कार्तिकात लेकरांसाठी याहून स्वस्त आणि याहून सुंदर काम मला ठाऊक नाही.

पान निवडताना कोवळे तांबूस घेऊ नका, ते कुजून पार विरघळते. पूर्ण वाढलेले, हिरवे, भोक न पडलेले, देठासकट घ्या. हाताला येईल त्या फांदीचेच घ्या. लेकरांना झाडावर चढवू नका. जुने मडके किंवा फुटक्या कानाची बादली घ्या, पाने बुडतील एवढे पाणी घाला आणि वर तरंगू नयेत म्हणून एक चपटा दगड ठेवा. तीन-चार आठवडे लागतात. ऊन कडक असेल तर लवकर होते, थंडी पडली तर उशीर. पानाचा हिरवा गर पाण्यात सडतो आणि शिरांचे जाळे टिकून राहते, एवढेच त्यातले गुपित. वास येतो, तेव्हा मडके स्वयंपाकाच्या चुलीपासून लांब ठेवा.

इथे एक गोष्ट विसरू नका. हाच डेंग्यूचा काळ. साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. म्हणून मडक्याच्या तोंडाला जुन्या लुगड्याचा तुकडा घट्ट बांधा आणि दर चार दिवसांनी पाणी पूर्ण बदला. पाणी बदलायचे काम लेकराला वाटून द्या. त्या मुलीने आजीच्या घराच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढून हिशेब ठेवला होता. आजी भिंत खराब झाली म्हणून बोलली, पण पुसली नाही.

गर सुटू लागला, की ताटात पाणी घ्या, त्यात पान पसरा आणि दात घासायच्या जुन्या मऊ ब्रशाने मधल्या शिरेपासून कडेकडे हलकेच घासा. जोर लावला की फाटते. एखाद्या ठिकाणी गर निघत नसेल तर पान पुन्हा चार दिवस पाण्यात. शेवटी स्वच्छ पाण्यातून काढून दोन कागदांमध्ये दाबून वाळवा.

घाईची रीत मोठ्यांनीच करायची. लिटरभर पाण्यात धुण्याच्या सोड्याचे दोन-तीन चमचे घालून पाने मंद आचेवर अर्धा-पाऊण तास उकळायची. भांडे स्वयंपाकाचे नको. सोड्याचे गरम पाणी अंगावर उडाले तर भाजते, तेव्हा पाने थंड पाण्यातून दोनदा धुऊन झाल्यावरच लेकरांच्या हातात द्या. या रीतीने पान तपकिरी पडते आणि भिजवलेल्याइतके नाजूक येत नाही. आमचे तर टोकाला फाटलेच. पण ते ट्रक येण्याआधी तयार झाले. मुलीने ते आईला दिले आणि आईने बँकेच्या पासबुकात ठेवले.

पिंपळाच्या पानाची गोष्ट लेकरांना वेगळी सांगायला नको. भगवान बुद्धांना बोधगयेला ज्या झाडाखाली ज्ञान मिळाले ते हेच, आणि त्याची फांदी सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा हिने श्रीलंकेत नेली, अनुराधपूरला ते झाड आजही आहे, एवढे हात चालू असताना सांगितले तरी पुरते. मुलगी घर सोडून समुद्रापार गेली आणि बरोबर झाडाची फांदी घेऊन गेली, हे ऐकून आमच्या तिसरीतल्या बाईंनी विचारले, "मग तिची माय कुठं ऱ्हायली?" मला चटकन उत्तर सुचले नाही.

आता वाकळीकडे येते. पाऊस संपला आणि थंडी यायची आहे, असा हाच मधला काळ घरोघरी वाकळी शिवायचा. उसाच्या फडाजवळच्या कोपीत डिसेंबर-जानेवारीची थंडी कशी असते, ते तिथे झोपलेल्यालाच माहीत. म्हणून निघण्याआधी एक वाकळ तरी व्हावीच लागते. त्यात लेकरांना बाजूला सारू नका. सहा-सात वर्षांचे लेकरू आजीला सुईत दोरा ओवून देते आणि आजीची नजर अधू असेल तर ते काम खरोखरीच मोलाचे. आठ-नऊ वर्षांच्या हाताला धावदोरा जमतो. त्याहून लहानांनी चिंध्या रंगवार लावाव्यात, गडद गडदाशेजारी येऊ देऊ नये. कुठला तुकडा कुणाच्या कपड्याचा हे ओळखायचा खेळ तर आपोआपच सुरू होतो. या घरात मुलीने हट्ट धरला, की तिच्या फाटक्या फ्रॉकचा तुकडा बाहेर जाणाऱ्या वाकळीत हवा आणि भावाच्या सदऱ्याचा तुकडा घरच्या वाकळीत. आईला घाई होती, ती आधी चिडली. मग दोन्ही तुकडे लावले गेले.

याच महिन्यात चीवरदान येते हे तुम्हाला ठाऊक आहेच. आषाढ पौर्णिमेला सुरू झालेला वर्षावास आश्विन पौर्णिमेला संपतो आणि पुढे कार्तिक पौर्णिमेपर्यंत उपासक-उपासिका भिक्खूंना चीवर देतात. चीवर सलग कापडाचे नसते, तुकडे जोडून शिवलेले असते. त्याची हकीकत विनयपिटकात आहे. तथागत मगध देशातून चालले असता त्यांना भाताची खाचरे दिसली, मध्ये बांध, बांधाला छेदणारे बांध, असे चौकोन चौकोन. त्यांनी आनंदाला विचारले, भिक्खूंचे चीवर असे करता येईल का? आनंदाने तसे कापड बेतले. शेताचे बांध बघून वस्त्र बेतले गेले ही गोष्ट शेतात राबणाऱ्या आपल्या लेकरांना जितकी कळेल तितकी शहरातल्या लेकरांना कळेल, असे मला वाटत नाही. वाकळ शिवताना त्यांना सांगून बघा, आणि मग आपल्या माळाकडे बोट दाखवून विचारा, हे बांध उतरवले तर कशी वाकळ होईल? एका पोराने कोळशाने फरशीवर काढून दाखवली होती, मधल्या विहिरीसकट.

वाकळीतून उरलेल्या तुकड्यांची एक पिशवी शिवा, नाडी ओवलेली, मूठभर आत मावेल एवढी. जे लेकरू ट्रकमध्ये बसणार आहे त्याच्यासाठी ही पिशवी. ट्रकमध्ये संसार कोंबलेला असतो. भांडी, पीठ, सरपण, कधी शेळीसुद्धा. त्यात खेळण्याला जागा नसते. पिशवीला मात्र जागा होते. आत काय घालायचे? उन्हाळ्यात चिंच फोडली तेव्हाचे चिंचोके बहुतेक घरांत डब्यात पडून असतात. आणि सीताफळाच्या बिया. बालाघाटच्या डोंगरात या दिवसांत सीताफळाला तोटा नाही, आणि २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर त्याचे नाव आणखी मोठे झाले आहे. आपली लेकरे ते खाऊन बिया अंगणात थुंकतात. त्याच धुऊन, वाळवून घ्या. काळ्याभोर, चकचकीत बिया, आणि शेजारी तांबडे-तपकिरी चिंचोके. पन्नास हे, पन्नास ते. एवढ्यावर पाच वर्षांचे लेकरू शंभरापर्यंत मोजायला शिकते, बेरीज-वजाबाकी करते, जमिनीवर बिया मांडून आपले नाव लिहिते. चिंचोका दगडावर घासून त्याचे दोन भाग केले, की एक बाजू पांढरी, एक काळपट, फासे तयार. खडूने किंवा कोळशाने पट मांडा आणि बसा खेळत.

पण बियांबाबत दोन सूचना कडक पाळा. तीन वर्षांच्या आतल्या पोरांच्या हाती बिया देऊ नका, ती नाकात आणि तोंडात घालतात. दुसरी, सीताफळाची बी फोडू किंवा कुटू नका. आपल्याकडे उवांसाठी तिची पूड डोक्याला लावायची चाल आहे, ती सोडा. ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते आणि डोळा जायची वेळ येते. अख्ख्या बीला हात लावायला हरकत नाही. गुंज मात्र, ती लाल-काळी देखणी गुंज, पिशवीत घालूच नका. चावून पोटात गेली तर एकही पुरे होते.

बापमंडळींना वाटेल, आपली सुटका झाली. नाही. चिखल आणि कडबा तुमच्याकडे. दिवाळीच्या सुमारास गल्लीत पोरे किल्ले करतात, आपली पोरेही त्यात असतात, आणि असू द्यावीत. पण एखाद्या वर्षी सांचीचा स्तूप करून बघा. किल्ल्यापेक्षा सोपा आहे. घमेल्यात काळी माती ओली करून, थोडा भुसा मिसळून, गच्च दाबून भरा. घमेल्याला आतून आधी राख लावा, म्हणजे चिकटत नाही. पाटावर उपडे घाला, की घुमट तयार. त्यावर काड्यापेटीएवढा चौकोनी कठडा, ती हर्मिका, आणि तिच्या मधोमध काडीवर एकावर एक तीन छत्रे. भोवती प्रदक्षिणेचा मार्ग सोडून तुराट्यांच्या तुकड्यांचा कठडा रोवा आणि चार दिशांना चार तोरणे उभी करा. दोन उभ्या काड्या, त्यांवर तीन आडव्या. मातीला भेगा पडतील. पातळ चिखलाने लिंपत राहा, लेकरांना तेच काम सर्वांत आवडते.

लिंपता लिंपता एक हकीकत सांगा. हा स्तूप आधी अशोकाच्या काळात विटांचा होता, त्यावर पुढे दगडी आवरण चढवून तो वाढवला गेला, आणि तोरणे त्यानंतर आली. दक्षिणेच्या तोरणावर लेख कोरलेले आहेत. एक सांगतो, की हे दान सातकर्णी राजाच्या कारागिरांच्या प्रमुखाचे. सातवाहनांची राजधानी गोदाकाठचे पैठण, म्हणजे काही परका मुलूख नव्हे. दुसरा लेख सांगतो, की हे कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केले. राजाची नावे दगडावर असतातच. इथे ज्यांनी हाताने काम केले त्यांचीही नोंद आहे. तुमच्या पोरांनी स्तूप केला, की त्यांनाही पाटाच्या कडेला आपली नावे लिहू द्या.

कडब्याच्या धाटाची बैलगाडी जुन्या माणसांना येते. साल सोलून आतले पांढरे भेंड काढायचे, भेंडाचे तुकडे सालीच्या काड्यांनी टोचून जोडायचे. खिळा नको, डिंक नको. सालीची धार बोट कापते, म्हणून सोलायचे काम मोठ्यांनी करावे. फडावर गेल्यावर धाट मिळाले नाही तर हंगाम चढल्यावर उसाला येणाऱ्या तुऱ्याच्या काडीनेही हे जमते. ती हलकी असते, पोरे तिचे बाणही करतात. डोळ्यांवर लक्ष ठेवा. कोयत्याजवळ मात्र पोर फिरकू देऊ नका, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

पताका आणि आकाशकंदिलावर फार लिहीत नाही, ते घरोघरी होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि दिली, तो अशोक विजयादशमीचा दिवस, तेव्हा या दिवसांत पंचशील ध्वजाच्या पताका विहारावर आणि दारावर लागतातच. फक्त बाजारातून प्लास्टिकच्या आणू नका. पतंगाचा कागद, सुतळी आणि घरची खळ पुरे. चमचाभर मैदा किंवा कणीक कपभर गार पाण्यात कालवून, ढवळत ढवळत चकाकी येईपर्यंत शिजवली, की खळ झाली. रंगांचा क्रम लेकरांकडून पाठ करून घ्या: निळा, पिवळा, लाल, पांढरा, नारंगी, आणि सहाव्या पट्टीत हेच पाच रंग एकाखाली एक. मोठी माणसेही चुकतात. हा ध्वज १८८५ साली कोलंबोत पहिल्यांदा फडकला आणि १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेने तो सगळ्या जगातल्या बौद्धांसाठी स्वीकारला, हे आठवी-नववीच्या मुलांना सांगण्यासारखे. आणि कोपीत कागदाचा कंदील लावायची हौस असेल तर आत दिवा किंवा मेणबत्ती नको. पाचटाची कोपी पेटायला एक ठिणगी पुरते. सौर दिवा किंवा मोबाईलची बॅटरी ठेवा.

रानातल्या वस्तूंबद्दल एक राहिले. कापूस वेचून झाल्यावर झाडावर जी रिकामी, वाळलेली बोंडे राहतात, ती फुलासारखी दिसतात आणि त्यांची तोरणे छान होतात. पण या दिवसांत कपाशीवर औषधे मारलेली असतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. नुकत्याच फवारलेल्या शिवारात लेकरू नेऊ नका, बोंडे पीक निघाल्यावर, वाळल्यावरच आणा आणि हात धुवायला लावा. औषधाची रिकामी बाटली किंवा डबा कितीही रंगीत असला, धुऊन घेतला, तरी तो खेळणे होत नाही आणि त्यात पाणीही भरायचे नाही.

आणि पिशवीबरोबर आणखी एक गोष्ट बांधा. सहा ते चौदा वर्षांचे लेकरू बरोबर नेत असाल तर शाळेत जाऊन गुरुजींकडून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या आणि कारखान्याजवळच्या शाळेत दाखवा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला हातात नाही म्हणून तिथली शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. लेकरू मागे ठेवत असाल तर गावात हंगामी वसतिगृह सुरू होणार का, ते मुख्याध्यापकांना ट्रक यायच्या आधी विचारा, नंतर नाही. आणि सहा वर्षांच्या आतले बरोबर असेल तर निघण्यापूर्वी अंगणवाडीताईंना सांगून जा, लसीचे कार्ड घेऊन जा. माझे मत विचाराल तर शाळेत जाणारे लेकरू मागेच राहावे. पण आजी नसलेल्या घराला हे सांगणे सोपे नाही, तेही मला कळते.

त्या मुलीचे सावकाशीचे पान कार्तिकात निघाले. पाच पाने घातली होती, त्यांतली तीन सडून गेली, एक अर्धवट, आणि एक मात्र असे आले, की पलीकडचे अक्षर त्यातून वाचता यावे. तिने ते गणिताच्या पुस्तकात ठेवले आणि उन्हाळ्याच्या तोंडावर ट्रक परत आला तोवर कुणाला हात लावू दिला नाही. आईने पासबुकातले फाटके पान काढून शेजारी ठेवले. धाकट्याच्या पिशवीत शंभरातल्या एकसष्ट बिया उरल्या होत्या. बाकीच्या कुठे गेल्या म्हणून विचारले, तर म्हणाला, शेजारच्या कोपीतल्या पोरांना दिल्या, त्यांच्याजवळ नव्हत्या.

यंदा त्या मुलीने अकरा पाने भिजत घातली आहेत, कारण गल्लीतल्या सगळ्यांनाच हवीत. माझी बादली तिकडेच आहे.